कामात खंड पडला नाही, आप्पा

आप्पा,

शोकसभेत दूध संघाचे अध्यक्ष म्हणाले, “त्यांनी उभी केलेली यंत्रणा किती पक्की होती बघा. ते गेले त्या दिवशीसुद्धा कामात जराही खंड पडला नाही. लिटरभर दूध नासलं नाही.” त्यांनी ते मनापासून, कौतुकानं म्हटलं. मागच्या रांगेत दूधगाड्यांचे ड्रायव्हर बसले होते. त्यांतल्या एकानं टाळी वाजवली, मग ही शोकसभा आहे हे ध्यानात येऊन हात मांडीखाली दाबून धरले. सगळ्यांबरोबर मीही मान हलवली. वाक्य खरं होतं. तुम्ही आणि मी इतकी वर्षं राबलो ते कुणीतरी एकदा हे वाक्य म्हणावं म्हणूनच. ते तुमच्या मरणावर म्हटलं जाईल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मी एवढं बोललो आणि तुम्ही मध्ये तोडलं नाही, हे पहिल्यांदाच घडतंय. माझं वाक्य निम्म्यावर आलं की तुमचं “थांब, थांब, हितं चुकलास” ठरलेलं. आता मी चुकलो तरी तसाच पुढं जाणार.

मला निवडलंत तो दिवस तुम्हाला आठवत होता की नाही, मी कधी विचारलं नाही. मी कागलच्या शाळेत शिकलेला. वडील गुऱ्हाळावर चुलवाणापुढं उभे राहणारे, आणि बीएस्सी म्हणजे डॉक्टरच्या एक पायरी खाली असं गल्लीत सांगणारे. समोर तीन साहेब. दोघं इंग्रजीत विचारत होते आणि माझा सदरा पाठीला चिकटत चालला होता. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून आपल्या मराठीत विचारलंत, “वर्गाचा मॉनिटर आला न्हाय तर हजेरी कोण घेतो?”

“दुसऱ्या बाकावरचा.”

“त्याला कोण सांगतं?”

“कुणी न्हाय. त्योच बघतो, मॉनिटर आला न्हाय ते.”

“आणि मॉनिटर आल्याला असला, नुसता दारात चपला काढत असला तर?”

मी मनातल्या मनात हजेरी घेऊन पाहिली.

“मग दोन मॉनिटर!” असं म्हणून तुम्ही एकटेच हसलात. बाकीचे दोघे साहेब हसले नाहीत. “ह्या एका गोष्टीत तुझी सगळी नोकरी जाणार हाय बघ. येतोस?”

मी आजही आपलं काम कुणाला सांगायचं झालं तर तुमच्या त्याच शब्दांत सांगतो. माझ्या आईला कॉम्प्युटर कधी कळला नाही, पण हजेरी कळली. पाच ठिकाणी पाच यंत्रं: कोल्हापूरचं कार्यालय, कागल, कुरुंदवाड, गडहिंग्लज आणि चंदगड. टेलिफोनच्या तारेवरून ती एकमेकांना सारखी विचारत राहणार, “हजर?” आणि पलीकडून येणार, “हजर.” कुठल्या गावाचं दूध कुठल्या गाडीनं उचलायचं हे ज्या त्या केंद्राचं यंत्र ठरवणार. पण प्रत्येकाजवळच्या माहितीची एकेक नक्कल शेजारच्या दोघांकडं. एक गप्प झालं की शेजारच्यानं त्याचं काम उचलायचं. कॅन घेऊन फाट्यावर उभ्या राहिलेल्या बाईला यातलं काही कळता कामा नये; तिला गाडी दिसली पाहिजे. “पडायचं त्ये पडंल,” तुम्ही म्हणायचात. “पडल्यालं दिसता कामा न्हाय.”

आणि त्यासाठी तुम्ही काय काय छळ मांडलात! चहाची वेळ झाली की तुम्ही कप हातात घेऊन उठायचात, गुणगुणत यंत्रांच्या खोलीत जायचात आणि कुठलीतरी एक तार ओढून काढायचात. न सांगता. हिशेबखात्याचे साहेब तांबडे होऊन धावत यायचे.

“आप्पा, चालू मशीनची तार का उपटता हो?”

“चालू हाय तवरच उपटायची असती. बंद पडल्यावर उपटून काय उपेग?”

“आणि माझं काम?”

“बघा की, चाललंय का थांबलंय.”

ते परत जाऊन बघायचे आणि काम चाललेलं असायचं. त्यांना राग यायचा तो त्याचाच. पुढं पुढं आम्हाला अशी सवय झाली की तार उपटली तरी कुणी मान वर करेना. तुम्ही खूश. मला आता वाटतं, आम्हाला मान वर न करण्याची सवय तिथंच लागली.

सुरुवातीला मात्र आपली फजिती झाली ती साऱ्या तालुक्यानं पाहिली. पावसात गडहिंग्लज आणि चंदगडच्या मधली तेवढी तार तुटली. दोन्ही यंत्रं ठणठणीत. पण दोघांनाही वाटलं, पलीकडचा गेला. दोघांनीही पलीकडच्याची गावं आपल्या अंगावर घेतली आणि गाड्या सोडल्या. नेसरीच्या अलीकडच्या अरुंद पुलावर दोन दूधगाड्या समोरासमोर आल्या. मागं हटायला कुणी तयार नाही. आपण जीपनं पोचलो तेव्हा दोघं ड्रायव्हर बॉनेटवर हात आपटत होते.

“माझ्या गावाचं दूध तू का उचलतोस रं?”

“मला मशीननं सांगितलंय!”

“मलाबी मशीननंच सांगितलंय, मग तुझी काय म्हस सांगून गेली व्हय?”

तुम्ही पुलाच्या कठड्यावर बसून डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसलात. तोवर शाळा सुटल्यागत माणसं जमली होती. परत येताना जीपमध्ये तुम्ही गंभीर झालात. “पाचांतल्या निम्म्यांच्या वर ज्याच्या मागं हाईत, त्योच पाटील. बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. आपल्याला काय ऐकू येतंय तेवढ्यावर कुणाला मेला म्हणायचं न्हाय, दुसऱ्यांना विचारायचं.” दुसऱ्या दिवसापासून आपण ते बसवायला घेतलं. पुन्हा कधी दोन गाड्या समोरासमोर आल्या नाहीत.

वाद राहिला तो एकच. कार्यालयातल्या पडद्यावर प्रत्येक केंद्रापुढं ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ दिसायचं. तुम्हाला तिसरं उत्तर हवं होतं, ‘माहीत नाही’. मी म्हणायचो, अध्यक्षांपुढं असं लिहून न्यायचं? ते म्हणतील, एवढी यंत्रं आणली ती हे सांगायला?

“मग खोटं सांगायचं?” तुम्ही विचारायचात. “पोरगं ‘हजर’ म्हणालं न्हाय. वाटंत असंल, तापानं पडलं असंल. वर्गातच बसलं असंल आणि मास्तरला ऐकू आलं नसंल. तुला यातलं काय म्हाईत हाय? मग गैरहजर का लिवतोस?”

“पण आप्पा, दूध थांबत न्हाय. नासतं. कधीतरी ठरवावंच लागतंय.”

“काम उचलायचं त्ये ठरव की. माणसाचं का ठरवतोस?”

माझंही चुकत नव्हतं. दूध किती वेळ टिकतं त्यावरच आपण किती थांबायचं ते बांधलेलं होतं. तुम्ही मानायचात, आणि पुन्हा दोन दिवसांनी तिथंच यायचात. शेवटी एक तोडगा निघाला: काम शेजाऱ्यानं लगेच उचलायचं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर आपल्यापैकी एकानं एसटीनं जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. “तार खोटं बोलती, एसटी न्हाय,” तुम्ही म्हणालात. पावसाळ्यात चंदगडची तार इतक्यांदा पडायची की आपल्या दोघांना त्या गाडीचे कंडक्टर नावानं ओळखू लागले.

चंदगडचा ऑपरेटर भातलावणीसाठी रजेवर गेला, म्हणून त्याच्या जागी तुम्ही निघालात. तुम्हाला जायचं कारण नव्हतं. मी जातो म्हटलं तर म्हणालात, “तुझ्या घरात तान्हं हाय. आणि मला काजूची उसळ लागती.” स्टँडवर गाडीत बसल्यावर गजांतून मला जवळ बोलावलंत. “ते ‘माहीत नाही’ घाल तेवढं. आल्यावर बघणार हाय.”

मी म्हटलं, “आल्यावर बोलू.”

गाडी हलली. मी हातसुद्धा वर केला नाही. इतक्या वेळा आपण एकमेकांना त्या गाडीत बसवून दिलं होतं.

चंदगडला आपलं यंत्र दूधकेंद्रावर नव्हतं. पोस्टाजवळच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत होतं, कारण तार तिथं जरा बरी चालायची. सकाळी तुम्ही रोजच्यासारखी एक ओळ टाकलीत: “पाऊस. काजूची उसळ. मीठ नाही.” आम्ही हसलो. त्यानंतर यंत्र आपलं ‘हजर’ म्हणत राहिलं. दिवेलागणीला ते गप्प झालं. गडहिंग्लजनं वाट पाहिली, बाकीच्यांना विचारलं, तिघांचा होकार आला आणि त्यानं चंदगडची गावं घेतली. मी पडद्यापुढं हात जोडून उभा होतो. एक चूक झाली नाही. कुठली गाडी कुठल्या गावाला, त्या चिठ्ठ्या पहाटे चंदगडच्या केंद्रावर गडहिंग्लजहून येऊन पोचल्या. एरवी त्या न्यायला केंद्रावरचा माणूस तुमच्या खोलीवर यायचा. त्या सकाळी त्याला जिना चढायची गरजच पडली नाही.

केंद्रावाल्यांना वाटलं, फोन बंद पडल्यामुळं साहेब कोल्हापूरला गेले असतील. कार्यालयात आम्हाला वाटलं, तार पडली. तुमच्या घरी वहिनींना वाटलं, तुम्ही कामात आहात. प्रत्येकाजवळ एक उत्तर होतं आणि ते पटण्यासारखं होतं. एक जरी गाव ओरडत आलं असतं, एक जरी गाडी चुकली असती, तर कुणीतरी त्या माडीवर गेलं असतं. पुलावर दोन गाड्या अडल्या तेव्हा तासाभरात जत्रा भरली होती. तुमच्यासाठी कुणी आलं नाही, कारण आपण सगळं नीट बसवलं होतं.

मी सकाळच्या एसटीनं निघालो. मी आनंदात होतो, आप्पा. हे मी तुम्हाला सोडून कुणाला सांगू शकत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं एक केंद्र रात्रभर गप्प राहूनही एक गाडी चुकली नव्हती, कुणाला पत्ता लागला नव्हता. हे तुम्हाला कसं सांगायचं, तुम्ही त्यात काय खोट काढाल, याची मी वाटभर उजळणी करत होतो. गडहिंग्लजच्या स्टँडवर पेढे घेतले. कंडक्टर म्हणाला, “पोरगा झाला काय परत?” मी म्हटलं, “तसंच काय तरी.”

माडीखाली काजूचं दुकान. दुकानदारानं मला थांबवलं. “पावणं, सायेब न्हाईत वाटतं वर. काल दुपारधरनं खाली आलं न्हाईत. लाईट गेल्ती, फोन बंद. मला वाटलं, गेलं गावाला.”

मी जिना चढता चढताच ओरडलो, “आप्पा, झालं! कुणाला कळलंसुद्धा न्हाय!”

दार आतून लावलेलं होतं.

दुकानदारानं आणि मी मिळून ते ढकललं. तुम्ही खुर्ची आणि खाट यांच्या मधे जमिनीवर होता. चष्मा कपाळावर होता. मी तुमच्या खांद्याला हात लावला आणि खांदा कुठल्याही माणसाला कळेल असा थंड होता. डॉक्टर आले. म्हणाले, हृदयविकार. मी विचारलं, कधी? “काल कधीतरी. ह्या गारठ्यात नक्की सांगता यायचं न्हाय.” पेढ्यांचा पुडा मी जिन्यात कुठंतरी ठेवला असावा. तो कुणी घेतला की भिजला, ठाऊक नाही.

तुम्ही गेल्यापासून मी रोज कामावर जातो. यंत्रं चालतात. चंदगडच्या खोलीत दुसरा माणूस बसतो, त्याला तार ओली झाल्याचं कळत नाही. तुम्ही रिसीव्हर कानाला लावून नुसत्या खरखरीवरून सांगायचात की पाणी कुठल्या बाजूला शिरलंय. मी शिकवा म्हटलं की म्हणायचात, “ऐकून ऐकून येतं, घाई काय हाय.” प्रत्येक केंद्राची नक्कल दोन ठिकाणी ठेवणारा माणूस तुम्ही, आणि तुमचं जे होतं ते तुमच्याचपाशी ठेवलंत. मला याचा राग येतो. राग आला की तुम्ही मला पहिल्या पगाराच्या दिवशी घरी जेवायला नेलंत आणि वहिनींना म्हणालात, “ह्याच्या पुढ्यात इंग्रजी बोलायचं न्हाय, त्यो आपल्याला मराठीत गप्प बसवणार हाय एक दिवस,” ते आठवतं. मग रागही टिकत नाही. काहीच टिकत नाही. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं. ती खुर्ची तुम्ही ओढून दिलीत. मी तुम्हाला एकदाही तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही “थांब, थांब” म्हणाला असता.

काल तेरावा झाला. जेवणं आटोपल्यावर वहिनींनी मला सोप्यात बोलावलं. भटजी पंचांग उघडून बसले होते. दर महिन्याचं श्राद्ध, मग वर्षाचं, सगळं तिथीनं ठरायचं, आणि तुमची तिथी कुणाला सांगता येत नव्हती. आषाढ वद्य अष्टमी त्या दिवशी दुपारी उशिरा संपली आणि नवमी लागली. तुम्ही गेलात ते त्याच्या आधी की नंतर?

“तिथी नक्की नसली तर अमावास्या धरतात,” भटजी म्हणाले. “पुरात वाहून गेलेले, परागंदा झालेले, त्यांचं तसंच करतात.”

“ह्ये काय परागंदा झालं नव्हतं,” वहिनी कडाडल्या. “नोकरीवर हुतं. आख्ख्या जिल्ह्याला ठावं हुतं, कुठं हाईत ते.” मग माझ्याकडं वळल्या. “भावजी, तुमची यंत्रं एकमेकांची सारखी हजेरी घेत्यात. जेवताना दोघं तेच तर बोलायचा. मग सांगा की, चंदगडची हजेरी कधी थांबली?”

“दिवेलागणीला.”

“म्हंजे नवमी,” भटजी म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

“वहिनी, ती यंत्राची हजेरी. लाईट गेली म्हणून ते थांबलं.”

“मग ह्यांची?”

“त्यांची सकाळची. न्याहारीच्या वेळची.”

“आणि मधी?”

मधे यंत्र ‘हजर’ म्हणत होतं. तुमच्या डोक्यावर, टेबलावर. तुम्ही खाली पडला होता की अजून खुर्चीत बसून मीठ नसलेल्या उसळीला नावं ठेवत होता, त्याला त्याचं काही नव्हतं. विचारलं की ते सांगत होतं, हजर. कोल्हापुरात मी ते वाचत होतो.

नवमी म्हणावं असं माझ्या मनात आलं. नवमी म्हटलं की रात्र, झोप, काही न कळता जाणं. वहिनींना तेच ऐकायचं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण तुम्ही खाटेवर नव्हता. अष्टमी म्हटलं तर ती भर दुपार, खाली दुकान उघडं, रस्त्यात माणसं, आणि तुम्ही हाक मारलीत की नाही, पावसात ती कुणाला ऐकू गेली की नाही. आणि दोन्ही नाही म्हटलं तर ही दोन्ही मरणं त्यांच्या उशाला कायमची.

“बोला की भावजी. तुम्ही दोघंच हुता ह्यात. तुम्हाला न्हाय तर कुणाला म्हाईत असणार?”

“माहीत नाही, वहिनी.”

ज्याच्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडलात तेच उत्तर मी दिलं, आप्पा. ते खरं आहे. तुमचं बरोबर होतं, आणि तरी मी तुम्हाला एक विचारणार आहे, तुम्ही मध्ये बोलू नका. हे उत्तर ऐकून घेणाऱ्यानं पुढं काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. यंत्राला सांगायची गरज नव्हती. त्यानं काम उचललं की झालं. पण या बाईनं काय उचलायचं?

भटजींनी हळूच अमावास्येवर बोट ठेवलं. वहिनींनी हातानं पंचांग मिटलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “घाई न्हाय.”

मग त्या उठल्या, पदर नीट केला, आणि परगावी गेलेल्या माणसाची गाडी कधी येणार हे विचारावं तशा साध्या आवाजात मला म्हणाल्या, “कळलं की सांगा.”

मी हो म्हणालो.